होडीतला पुढचा बाक

१४ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाने निवृत्त झाल्यावर काहीतरी मागे ठेवावं.

सासऱ्यांकडे जेवण. आर्ने ऐंशीच्या पुढचा. निवृत्त न्यायाधीश, त्यामुळे मीठसुद्धा निकाल दिल्यासारखं मागतो. जेवणानंतर जाहीर केलं की खांदे गेले, होडीवरचा हा शेवटचा उन्हाळा. ती लाकडी होडी त्याने स्वतःच्या हाताने बांधलेली. सीझन संपला की घरातल्या एकाला देणार. कोणाला, असं मी अगदी सहज विचारलं. म्हणाला, ज्याला नदी कळेल त्याला.

म्हणजे मला. दुसरं आहे कोण? मेव्हणा रॉइस? तो सिएटलला गालिचे विकतो, आणि त्याला साधी अक्कलदाढसुद्धा आली नाही. मी एक्स-रे पाहिलाय.

नदी कळणं म्हणजे ट्राउट मासा पकडता येणं. नाहीतर या मिसूरी नदीत आहे काय? पाणी. जूनअखेर मी तज्ज्ञ होणार. मी दातांचा डॉक्टर, नको-नको म्हणणाऱ्या तोंडांत धातू घालणं हाच माझा जन्मभराचा धंदा. माशाला तर नको म्हणताही येत नाही.

१७ मे, बुधवार

खरेदी. रॉड, रीळ, बगळ्यासारखं पाण्यात उभं राहायला छातीपर्यंतची रबरी विजार, आणि पिसं बांधलेले गळ डबाभर. माशाला ते खरे किडे वाटतात म्हणे, म्हणून अशा गळाला इथे माशी म्हणतात. दुकानातला दाढीवाला म्हणाला, सुरुवातीला एवढं लागत नाही हो डॉक्टर. गिऱ्हाइकाची पातळी ओळखता येत नाही, म्हणून हे लोक दुकानातच राहतात.

संध्याकाळी हिरवळीवर सराव. दोरी मागे, दोरी पुढे. सोपं आहे. बायकोचा, म्हणजे ग्रेटाचा, वाळत घातलेला टॉवेल पकडला. झुंज चांगली दिली त्याने.

२८ मे, रविवार

पहिली सफर. होडीत तीन बाक. मधला वल्हवणाऱ्याचा, एक मागे, एक पुढे. म्हातारा मला म्हणाला, जावईबापू, तुम्ही पुढेच बसा, दुसरीकडे नकोच. पुढचा बाक मानाचा. पहिल्याच दिवशी! ग्रेटा तिथे बसायला निघाली होती, तिला त्याने मागे पाठवलं. तिला वाईट वाटलं असणार.

या घराचा एक नियम आहे. ज्याला ट्राउट लागला त्याने वल्ही घ्यायची आणि वल्हवणाऱ्याने रॉड. मासा पकडल्याची शिक्षा! नॉर्वेहून आलेल्या खानदानात आणखी काय असणार. ग्रेटाला पहिल्याच वळणावर ट्राउट लागला. झालं, बसली वल्हवत. म्हातारा मागच्या बाकावर गेला, रॉड मांडीवर आडवा टाकला आणि पेंगला. संध्याकाळपर्यंत तीच बिचारी वल्हवत होती. मी मात्र ही शिक्षा दिवसभर टाळली. डोकं लागतं.

ग्रेटा सारखी म्हणत होती, हार्लन, हलू नकोस. मासे बुजतात म्हणून असावं.

११ जून, रविवार

मासे आज तीनदा माझ्या माशीवर आले. तिन्ही वेळा मी चपळाईने झटका दिला. तिन्ही वेळा दोरी तुटली. दोरी हलक्या प्रतीची. दाढीवाल्याला फोन करून सुनावलं.

म्हातारा जागा होऊन म्हणाला, अहो, दात उपटताय का? त्याला घेऊ द्या, तोंड मिटून खाली वळू द्या, मग उचला. हा मनुष्य आयुष्यभर तारखा देत आला, त्याला थांबण्याचंच कौतुक. मग माशी पाण्याच्या चालीने वाहू द्या, ओढू नका, दोरी उचलून वरच्या अंगाला टाका, असं बरंच बोलला. मी ऐकलं नाही. थोड्या वेळाने बघतो तर पुन्हा झोपलेला. ग्रेटा वल्हवायला लागली की हा घोरायला लागतो. वय.

गॅरेज रिकामं केलं. होडी तिथे ठेवायची. ग्रेटाची गाडी आता उन्हात.

२ जुलै, रविवार

जूनअखेर तज्ज्ञ होण्याचा संकल्प जुलैअखेरवर ढकलला आहे. नदीला पाणी जास्त होतं. हे माझ्या हातात नाही.

आज वाऱ्याने माशी माझ्या कानात रुतवली. मी स्वतः डॉक्टर, काढून घेतली असती. पण म्हातारा जवळ आला, गळाला दोऱ्याचा फास घातला आणि म्हणाला, जावईबापू, तो बघा पेलिकन! मी बघितलं. त्याने हिसका मारला. माशी बाहेर. पेलिकन नव्हताच. न्यायाधीश असून धडधडीत खोटं बोलला. मी तीस वर्षं पोरांना दुखणार नाही असं सांगत आलो, पण त्याला वैद्यकीय आधार होता.

ग्रेटा हसली. तेही वल्हवताना, म्हणजे कामात लक्ष नाही.

२३ जुलै, रविवार

रॉइस आला. ग्रेटा घरी राहिली, नाहीतर होडी जड झाली असती. माझ्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यावर आज मी बारीक नजर ठेवली.

रॉइसला ट्राउट लागला, मग वल्हवला तो. भलताच जोर. पाणी उडवत. म्हातारा दिवसभर टक्क जागा. दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसलेला. डावीकडे घे, अरे डावीकडे, असं ओरडून घसा बसला त्याचा. उतरताना रॉइस मला हळूच म्हणाला, मला नको रे बाबा ती होडी, ठेवू कुठे, फ्लॅटमध्ये?

कोल्ह्याला द्राक्षं आंबट. आता मैदान मोकळं. आज पितळेची पाटी करायला टाकली: डॉ. हार्लन प्रूइट. खाली छोट्या अक्षरांत "मालक" घालू का, असं पाटीवाल्याने विचारलं. घाल म्हटलं.

१३ ऑगस्ट, रविवार

मासा नाही. दोष ट्राउटचा. वाटाण्याएवढा मेंदू, त्यात मला ओळखून टाळण्याएवढी जागा कुठून आली कळत नाही. सकाळी पाण्यावर बारीक किड्यांचे ढगच्या ढग होते, मासे तोंड वर काढून ते टिपत होते. मी अंगठ्याएवढी माशी लावली. भुकेल्याला पोळी दिसल्यावर तो शितं वेचेल का? हे मासे वेचतात. अशा प्राण्यांशी काय बोलायचं.

हरणाच्या सॉसेजची सँडविच मात्र उत्तम. ग्रेटाने एका हाताने खाल्लं, दुसऱ्या हाताने होडी जागच्या जागी धरली. तेवढ्या प्रवाहात! मी म्हटलं, नीट दोन हातांनी खात जा.

पाटी आली. सुंदर झाली आहे.

१७ सप्टेंबर, रविवार, रात्री

ओले कपडे बदलून लिहायला बसलो.

दुपारी मासा लागला. मला. दोरी ताठ, रॉड वाकलेला, मी ओरडलो. ग्रेटाने जाळ्यात घेतला आणि म्हणाली, हार्लन, हा व्हाइटफिश आहे, ट्राउट नव्हे, हा आपल्या नियमात धरत नाहीत. धरत नाहीत! देवमासादेखील मी पकडला तर ह्यांच्या घटनेत बसत नाही. मासा म्हणजे मासा. मी म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाला उठव. ती म्हणाली, बाबांना झोपू दे. मग वल्ही दे, म्हटलं. तिने एकदा मागे बाबांकडे बघितलं. मग म्हणाली, ही घे, पण तोंड पुढेच ठेव, जे टाळायचं त्याच्याकडे होडीचं नाक कर आणि मागे ओढ.

आता मी कॉलेजात तळ्यावर वल्हवलेला माणूस. वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक. टाळायचं त्याच्याकडे नाक कसलं करता? मी शास्त्रशुद्ध फिरून बसलो, तोंड म्हाताऱ्याकडे, आणि जोर लावला. काय वेग! काठावरची झाडं पळत होती. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात वल्हवणं.

तेवढ्यात म्हाताऱ्याने डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. अगदी शांतपणे म्हणाला, जावईबापू, पूल.

पुलाचा खांब भलत्याच जागी आहे. सगळ्या नदीत नेमका मध्ये. होडी आडवी आपटली, फळी कडाडली, एक वल्हं गेलं, पाणी आत यायला लागलं. प्रवाहाने आम्हाला खांबावर दाबून धरलं. म्हाताऱ्याची टोपी वाहून गेली आणि त्याचे पांढरे केस ओले होऊन कपाळाला चिकटले. त्याने दोन्ही हातांनी कड धरली होती. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मला काहीही सुचलं नाही. ग्रेटाने मला ढकलून पुढच्या बाकावर पाडलं, बसून राहा म्हणाली, आणि बाकाखालचं जादा वल्हं काढून होडी इंचाइंचाने सोडवली.

मी घाबरलो होतो. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. म्हातारा बुडाला असता, तीही बुडाली असती.

१८ सप्टेंबर, सोमवार

शांतपणे विचार केला. पूल काही मी बांधलेला नाही. ग्रेटाने वल्ही द्यायलाच नको होती.

२४ सप्टेंबर, रविवार

म्हाताऱ्याच्या कोठारात. फळी बदलून झाली होती, वार्निशचा वास. मी चांगला शर्ट घातलेला, पाटी खिशात. अपघात व्हायचेच, निकाल गुणवत्तेवर लागतो.

म्हाताऱ्याने भिंतीवरची वल्ही काढली आणि ग्रेटाच्या हातात दिली. एवढंच. भाषण नाही.

मी म्हटलं, एक मिनिट. नदी कळेल त्याला, असं ठरलं होतं. म्हणाला, हो ना. मी उन्हाळाभर या होडीत झोपलो, जावईबापू. चाळीस वर्षांत कधी झोपलो नव्हतो. जिच्या हातात वल्ही असताना मला डोळा लागतो, तिला नदी कळली. रॉइसच्या हाती मला डुलकीसुद्धा लागली नाही. तुमच्या हाती तर खडबडून जाग आली.

ग्रेटा रडली. मला वाटलं, माझी बाजू घेईल. तिने वल्ही घट्ट धरली होती.

मी म्हटलं, मग मला उन्हाळाभर मानाच्या बाकावर का बसवलंत? म्हाताऱ्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, अहो, होडीच्या नाकावर वजन लागतं. हलकं माणूस पुढे बसलं की होडी वाऱ्यावर भरकटते. तुम्ही नव्हतात तेव्हा आम्ही वाळूचं पोतं ठेवायचो. पण पोत्यापेक्षा तुम्ही बरे. आपले आपण चढता-उतरता.

होडी संध्याकाळी माझ्या गॅरेजमध्ये आली. मी म्हटलंच होतं, येईल.

१ ऑक्टोबर, रविवार

गेलो नाही. मी पोतं नाही. तिने वाळू भरून न्यावी.

दिवसभर घरी. रॉड कापडाने पुसला. गोल्फ शिकायचा विचार आहे. संध्याकाळी ती परत आली. फक्त म्हणाली, आज वारा फार होता, होडी धरताना दमले.

८ ऑक्टोबर, रविवार

सीझनची शेवटची सफर. गेलो. वारा होता म्हणून.

पाटी वाया जायला नको म्हणून ग्रेटाने ती पुढच्या बाकावर ठोकली आहे. डॉ. हार्लन प्रूइट, मालक. बाकाचा.

रॉड मी नेलाच नाही. मासे उड्या मारत होते. मागे म्हातारा घोरत होता, नवी टोपी नाकावर. पुलापाशी मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पूल मागे गेला होता, कुठेही काही लागलं नाही. मी वळून ग्रेटाकडे बघायला निघालो, तर ती म्हणाली, हार्लन, हलू नकोस.

नाही हललो.