निरोगी नमुना

खडकी, पुणे
२ नोव्हेंबर २००६

प्रिय धम्मदीप,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे ठीक. तुझा जावई, म्हणजे माझा अनिरुद्ध, रोज चार तास कंपनीच्या बसमध्ये काढतो आणि त्याला करिअर म्हणतो. पूर्वाला तिसरा महिना सरत आला. "आत्या, सासूसारखी वाग ना जरा, मैत्रिणींना सांगायला काहीच नाही," म्हणते.

फोनच करणार होते, पण फोनवर तू मधे बोलतोस.

आमच्या हिंजवडीच्या प्रयोगशाळेत रुग्णाशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. आम्ही घरच्यांनाच धरून नेतो. एप्रिलमध्ये मी या दोघांना नेलं. पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्राच्या जोडप्रती वेळ येईपर्यंत एकत्र धरून ठेवाव्या लागतात. त्या कामाच्या प्रथिनाचा एक तुकडा पावाच्या यीस्टपासून माणसापर्यंत जवळपास तोच आहे. त्यातलं एक अक्षर कुणीच बदललेलं नाही. बेडकानंसुद्धा नाही.

आपल्या दोन्ही पोरांत ते बदललेलं निघालं.

आईकडून एक, बापाकडून एक अशा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. यांची एकेक शाबूत आहे, म्हणून ती धडधाकट. दोघांची बिघडलेली एकाच बाळाला मिळाली तर... चारात एक शक्यता.

तू तेव्हा तीन वर्षांचा. क्वार्टरमध्ये आईला शेवटचं बाळ झालं, ते 'मेलेलंच जन्मलं' असं तू ऐकत आलास. दोन दिवस रडत होतं ते. दुपटं मी उघडलं. हात नव्हते, खांद्यालाच बोटं होती. बाबा म्हणाले, "प्रिया, तू काही पाहिलं नाहीस." मी आज्ञाधारक मुलगी. आई-बाबाही आते-मामे भावंडंच होती, हे तुला माहीत आहे.

तरी ही सोयरीक जुळवली मीच. घरातली मुलगी घरात, असं मिरवत.

तपासणीचा कागद हळदीच्या दिवशी आला. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी तो साड्यांखाली ठेवला. तेवीस वर्षांत माझ्या हातून एक नळी बदललेली नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं. तेच.

सोळा तारखेला पूर्वाची सोनोग्राफी आहे. "बाळाचे हात-पाय दिसतील, तूच चल," म्हणते. आदल्या दिवशी दोघांना सांगणार आहे. तू त्याआधी पोच. तिच्या बाजूनं कुणीतरी हवं.

तुझी, आणि पंधरा तारखेपर्यंत पूर्वाचीही,
प्रियदर्शनी