अल्झिराला पडलेलं स्वप्न

७ मार्च, पहाटे
आज घडलेलं जगात कुणालाही सांगायचं नाही. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, म्हणून लिहितो.
जाग आली तर अल्झिरा शेजारी नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोटावर हात दाबलेला, नजर अंगणात, चेहरा पांढराफटक. काय गं म्हटलं तर म्हणाली, अहो, तुम्हाला एक सांगायचंय.
माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.
दोना फेलिस्मिना! या ऊसमळ्याची शेवटची मालकीण. गुलाम सुटले त्या वर्षी तिने सोन्याचं मडकं या मोठ्या घराच्या आसपास पुरलं आणि जागा न सांगताच मेली, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कुणाच्या तरी स्वप्नात येऊन जागा दाखवल्याशिवाय तिच्या आत्म्याला सुटका नाही. ज्याला दाखवली त्याने एकट्याने, मुकाट्याने खणायचं. तोंडून शब्द गेला की सोन्याचा कोळसा होतो.
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनीतून रिटायर झाल्यापासून मी या घराची राखण करतोय. एकेका खोलीत झोपून पाहिलं. बाईसाहेब माझ्या स्वप्नात एकदाही आल्या नाहीत, बायकोच्या आल्या. असो. नवरा-बायको म्हणजे एकच देह, असं लग्नात पाद्री म्हणालेच होते.
प्लॅन : अल्झिरा खणेल. मी गप्प बसेन.

११ मार्च
कुदळ-फावडं घासूनपुसून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं, सहज राहिल्यासारखं. दुपारी तिने फावडं उचललं! मागच्या अंगणात जरा माती ओढली नि आत येऊन आडवी झाली. लगेच जाऊन उपसलं. कोथिंबिरीचा वाफा होता.

१५ मार्च
हमरस्त्यावर बियूच्या दारूच्या दुकानात गेलो. त्याला काहीही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की समज, एखाद्याच्या बायकोला असं स्वप्न पडलं, तर? बियू म्हणाला, एराल्दोभाऊ, मग ती खणेपर्यंत आत्मा तिची पाठ सोडायचा नाही. अन्न तुटतं, अंग वाळतं, माणूस पिवळा पडतो. त्याच्या मामीचं अगदी असंच झालं होतं.
अल्झिराचं अन्न तुटलंच आहे. ताटातला मक्याचा कुसकुस चिवडते आणि कोंबड्यांना घालते. सगळं जुळतंय.
दुकानात आणखी चारपाच जण होते, पण ते आपापल्या ग्लासात दंग होते.

२ एप्रिल
तोंडाने बोलायची बंदी आहे, पायांना नाही. हे इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही!
विहिरीवर जाताना अल्झिरा मध्येच थांबते. आधी आंब्याला टेकते, मग जुन्या घाण्याच्या चाकाला धरून उभी राहते, मग पायरीवर बसून डोळे मिटते. पूर्वी डोक्यावर घागर घेऊन गाणं म्हणत एका दमात यायची. म्हणजे आता तिचे पाय थबकतात ते उगाच नाही.
देह एकच, म्हणून मीच आंब्याखाली खणलं. मुळं. चाकाखाली खणलं. गंजके खिळे आणि एक निळा मणी. पायरी उचकटली, खाली वाळवी. ती आता आंब्याला वळसा घालून जाते आणि कुंपणाच्या खांबाला टेकते. उद्या खांब.

१७ एप्रिल, गुड फ्रायडे
जेवणं झाल्यावर तिने मला समोर बसवलं. म्हणाली, अहो, आता तरी ऐकून घ्या, मला सोसवत नाही.
मी कानांत बोटं घातली आणि मोठ्याने भजन म्हणू लागलो. मला काय तिची दया येत नाही? पण एवढ्या जवळ येऊन हातचं घालवायचं? भजन संपल्यावर समजुतीने सांगितलं, अल्झिरा, खण आणि मोकळी हो. ती मग उठून भांडी घासायला गेली.

९ मे
पिवळी पडली! डोळ्यांतलं पांढरंसुद्धा हळदीसारखं झालंय. बियूला मानलं पाहिजे.
संध्याकाळी बियूची बायको काढा घेऊन आली. माझ्यावरच घसरली. म्हणाली, मंगळवारच्या बसने हिला तालुक्याच्या इस्पितळात घेऊन जा, नाहीतर मी नेते. मी शांतपणे सांगितलं, तालुक्याचं नाव काढू नका, एक काम मार्गी लागलं की हिला थेट रेसिफे शहरातल्या खाजगी डॉक्टरकडे नेणार आहे, पंख्याच्या खोलीत ठेवणार आहे. ती म्हणाली, मेल्यावर पंखा कशाला हवा?
या लोकांना पुढचं दिसत नाही. शिवाय त्या बसचे स्प्रिंगचे पाटे तुटलेत, हाडं खिळखिळी होतात. आजारी माणसाला असल्या बसमध्ये घालायचं म्हणजे क्रूरपणा आहे.

१७ मे
रेसिफेहून मार्लूसीचा बियूच्या दुकानात फोन. मुलगी दर रविवारी आईशी बोलते. मी एकटाच गेलो. आई मजेत आहे, जरा कामात आहे म्हटलं. अल्झिराला नेलं असतं तर पोरीचा आवाज ऐकून तिने सगळं ओकून टाकलं असतं. पोरीने विचारलं, बाबा, गेल्या रविवारीही कामातच होती ना? कारकुनाच्या पोटी वकील जन्माला आलीय.

३१ मे
पाऊस लागला. अल्झिरा विहिरीवाटच्या खड्ड्यात पडली. त्या बाजूने जायचंच कशाला, म्हणून आधी ओरडलो. मग उतरून वर काढली.
फार हलकी झालीय. उसाची मोळी उचलावी तशी उचलली गेली. आयुष्य काट्यावर काढलेल्या माणसाच्या हातांना वजन कळतं. बरं वाटलं नाही. जेवण गेलं नाही.
निश्चय : उद्या सगळे खड्डे बुजवायचे. मंगळवारी बस.

१ जून
पाऊस. ओली माती फावड्याला चिकटते. बुजवणं रद्द.

२ जून, मंगळवार
बस आली आणि गेली. अल्झिरा कपडे बदलून बसली होती. कुणी सांगितलं होतं तिला? मी तर मनातच ठरवलं होतं. तिला म्हटलं, पुढच्या मंगळवारी नक्की. तिने चप्पल काढून खाटेखाली सरकवली.

१२ जून
ती आता खाटेवरून उठत नाही. दोन दिवस डोकं लढवतोय. हिंडणं बंद, थबकणं बंद, मला खुणा मिळायच्या कशा? जेवताना घास हातातच राहिला. पाय थबकत थबकत जिथे कायमचे थांबले, तीच जागा! खाटेखाली!
इतकं सोपं होतं.

२० जून
खाटेखालच्या विटा काढल्या. खाट भिंतीकडे सरकवणार होतो, पण हलवली की ती कण्हते, म्हणून वाकूनच खणतो. माझ्या पाठीचे काय हाल झालेत ते मलाच ठाऊक. तिच्या चादरीवर थोडी माती उडते, ती मी झटकतो.
दुपारी तिने पाणी मागितलं. दिलं. चमच्याने पाजलं. अहो, म्हणाली. मी म्हटलं, श्श, आता थोडंच राहिलंय. तिने मान हलवली. आमचं इतकं एकमत लग्नानंतर प्रथमच झालं असेल.

२३ जून
सेंट जॉनच्या सणाची होळी गावभर पेटलेली. मार्लूसी न कळवता आली, टॅक्सी करून. हातात कणसं आणि फटाके. मी कमरेइतका खड्ड्यात. आत शिरली नि किंचाळली, बाबा, काय करताय हे? अजून जिवंत आहे ती!
मी समजावून सांगू लागलो. तिने ऐकलं नाही. टॅक्सीवाल्याने आणि तिने आईला चादरीसकट उचलून नेलं. मागच्या सीटवर जागा नव्हती, पण मी बसलो.

२६ जून, रेसिफे
इस्पितळ. पंखा आहे. डॉक्टर म्हणजे मार्लूसीच्याच वयाची पोरगी. तिने अल्झिराला विचारलं, मावशी, कधीपासून दुखतंय?
अल्झिराने आधी माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं. मी होकारार्थी मान हलवली.
ती म्हणाली, कार्निव्हलच्या सणाआधीपासून, चार महिने झाले. डॉक्टर म्हणाली, अहो, मग इतके महिने कुणाला सांगितलं का नाहीत? तेव्हाच आणलं असतं तर काही करता आलं असतं. अल्झिरा म्हणाली, यांनी सांगू नको म्हटलं होतं.
मार्लूसी माझ्याकडे वळली. मी घाईघाईने म्हटलं की ते स्वप्नाबद्दल होतं, दुखण्याबद्दल नव्हे.
अल्झिराने विचारलं, कसलं स्वप्न?
मी म्हटलं, बाईसाहेबांचं. मडक्याचं. तुला पडलेलं.
ती म्हणाली, अहो, मला झोपच कुठे लागत होती?

१४ जुलै
अल्झिरा दहा तारखेला गेली. मार्लूसीने तिला रेसिफेतच पुरलं. म्हणाली, बाबा, त्या घराभोवती आता एकही खड्डा नको. मला परतीच्या बसमध्ये बसवलं आणि बस सुटायच्या आत निघून गेली.
बियूच्या दुकानाशी उतरलो. सगळे उठून उभे राहिले. बियूने मोठा ग्लास भरला, टेबल पुसलं, खुर्ची दिली. अशी खातिरदारी कधी झाली नव्हती. मग कानाशी येऊन म्हणाला, भाऊ, टॅक्सीत चादरीत गुंडाळून काय नेलं ते सगळ्या गावाने पाहिलं.
मी म्हटलं, बियू, चादरीत अल्झिरा होती. मडकं नव्हतं. स्वप्नही नव्हतं. तिचं पोट दुखत होतं आणि मी तिला बोलू दिलं नाही. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. आवाज चढवून, सर्वांना ऐकू जाईल असं.
बियूने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळा मारला. म्हणाला, बरोबर आहे, एराल्दोभाऊ. सांगायचं नसतंच.