सोजरची सुपारी

सोलापूर, माघ वद्य पंचमी

बाबांच्या पायावर दौलतचा दंडवत. मी खुशाल आहे, मायले सांगा.

सोजरची सुपारी चाळीस वर्षांच्या बिजवरासंगं फोडली, अन् वरून लिवता, "आता मोडत नाही." काहून मोडत नाही? तुमच्याच पोरीले इचारलं होतं काय?

इथं गिरणीत साहेब 'डिसमिस' म्हणते, 'फायनल' म्हणते. परवा शेजारच्या मागावरल्या मानसाले तसंच हाकललं. आमी समदे माग बंद करून खाली बसलो. दुपारी साहेबानंच त्याले वापस बोलावलं. साहेबाचं फायनल फिरते अन् तुमची सुपारी फिरत नाही?

माय जेवते ना?

शुक्रवारी निघतो. मी आल्याबिगर हळद लावू नोका. लावली, तर मांडवातबी असाच खाली बसीन.

रागात आहे, तरी तुमचाच
दौलत