गार हुंदे

आप्पा,

लोखंड-पितळ कातायची तुमची लेथ अजून शेडमध्येच आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत ऐकाल. तुमच्या माघारी ती गोणपाटाखाली पडून होती आणि यंदा आईनं ठरवलं की तिच्या जागी म्हैस बांधायची. इस्लामपूरचा एकजण रविवारी लेथ बघायला येणार होता. मी म्हटलं, मी चालवते, लहानपणी तुमच्या शेजारी उभी राहून शिकलेय की. आई म्हणाली, "एक काम नीट करून दाव. न्हाईतर म्हस आणतीया बघ."

काम चालून आलं. पलूसच्या स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्या वहिनी झिजलेला पितळी बुश आणि त्यात फिरणारा चरकाचा दांडा घेऊन आल्या. नवा बुश करायचा, म्हणजे भोक दांड्यापेक्षा केसभरच मोठं हवं. तुमचा व्हर्नियर सापडला, पण त्याचे जबडे पडतात आखूड, भोकाच्या तोंडापाशीच माप सांगतात. आत खोलवर काय झालंय ते कसं कळणार? म्हणून आतलं माप घेणारं गेज आणायला सांगली गाठली. दुकानदार म्हणाला, "मिस्टरांना घेऊन या की ताई, पसंत करायला बरं." मी म्हटलं, "मिस्टर पसंत करून झालेत. आता गेज पसंत करायचंय." तो हसला आणि त्यानं घड्याळासारखी तबकडी असलेलं बोअर गेज पुढं ठेवलं. मोह झाला, आप्पा. पण एकाच मापाची भोकं रोज पाडणाऱ्याला ते सोयीचं. आपल्याकडे आज बुश, उद्या पुली. मग मी टेलिस्कोपिक गेजचा संच घेतला. आत घातलं की स्प्रिंगनं दोन्ही हात पसरतात, स्क्रू आवळायचा, बाहेर काढायचं आणि मायक्रोमीटरनं मापायचं. मायक्रोमीटर तुमचाच, लाकडी पेटीतला.

शनिवारी बुश लेथवर चढवला. घाई होती, जाड जाड काप घेतले. मग गेज आत घालून हळूच डोलवलं. "भिंतीला चाटलं पायजे, चावता कामा न्हाई," तुमचं वाक्य हातातच होतं. माप अगदी हवं तसं आलं. मी आईला हाक मारली, बुश उतरवला, दांडा पुसून त्याला तेल लावलं. तोवर आई पदर सावरत येऊन उभी राहिली. आणि दांडा आत जाईना. पुन्हा मापलं, तर भोक लहान. नवं गेज खोटं का माझा हात, काही सुधरेना. आई शांतपणे म्हणाली, "दाव्याचं माप घेऊ का म्हशीच्या?"

पण चहा घेऊन तीच आली, कुरकुरत. "बापावर गेलीस. त्यांचंबी हेच. भोक पाडलं की बसायचं. आवं मापा की, म्हणलं तर म्हणायचे, गार हुंदे."

आप्पा, माझ्या हातात कप तसाच राहिला. गार हुंदे, म्हणजे चहा नव्हे, बुश! काप घेताना तापलेलं पितळ फुगतं, भोकही मोठं दिसतं, निवलं की आकसतं. तुम्ही निवण्याची वाट बघत होता आणि आईनं जन्मभर तुम्हाला बशीत ओतून गार केलेला चहा दिला. तुम्ही तो मुकाट प्यायलात. सांगायचं तरी ना.

भोक लहान राहिलं तर इलाज असतो. एक बारीक काप घेतला, चहा प्यायले, मापलं, तेलाचं बोट फिरवलं आणि दांडा नुसत्या तळव्याच्या दाबानं आत गेला. रविवारी इस्लामपूरवाल्याचा फोन आईनंच उचलला. "न्हाई वो, लेथ कामात हाय." फोन ठेवल्यावर मी तिला तुमच्या "गार हुंदे"चा खरा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हंजी त्यास्नी गरमच आवडायचा व्हय?" आणि अशी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

आता मी "गार हुंदे" म्हटलं की आई वाफाळते दोन कप घेऊन शेडमध्ये येते आणि तुमच्या स्टुलावर बसते. आजही बसली होती. तुम्हाला म्हणून सांगते, आजचा बुश तिला हाक मारायच्या कितीतरी आधी निवला होता.