गोमतीला मी मंडळीसमोर उभे केले

मी, लखीराम वल्द सोमला, जन्माने तांड्यावरचा, धर्माने ख्रिस्ती, धंदा सुतारकाम, वय सुमारे अठ्ठावन्न, राहणार मौजे इंझोरी, प्रांत वऱ्हाड, हा मृत्युपत्राचा कागद राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. उलट पहिले कलम ऐकून माझा मुलगा शांतवन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. याआधी केलेले माझे कागद रद्द समजावेत.

कलम १. इंझोरीतील माझे राहते घर, दोन खोल्या, मागची पडवी आणि विहिरीवरील हक्क यांसह, मी माझी मुलगी गोमती, शिक्षिका, राहणार धनज, हिला देतो. तिने राहावे, विकावे किंवा कुलूप घालून ठेवावे. शांतवनने हरकत घेऊ नये. त्याला त्याच्या लग्नात वेगळे घर बांधून दिलेले आहे.

कलम २. मुलगा असताना घर मुलीला कसे, असे गाव विचारील. कारण न लिहिता दिले तर ते दान वाटेल, आणि हे दान नाही.

मोठ्या दुष्काळात मी मिशनच्या कामावर सुतारकी शिकलो आणि बाप्तिस्मा घेतला. माझी आई पंचफुला तांड्यावरच राहिली. मी तिच्याकडे जाणे सोडले आणि पुढे मुलांनाही तिच्या दारी पाय ठेवायचा नाही म्हणून बजावले. ख्रिस्ती मंडळीत माझे नाव झाले. रविवारी दुपारी मी आईबापांचा वर्ग घेई. लेकरे शाळेत जाऊ लागली, मोठी झाली, की त्यांना वळण कसे लावावे हे मी सांगे आणि चार गावांचे लोक ऐकत. लेकरांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे, हे शास्त्रातले सांगणे मी शेकडो वेळा समजावले. त्याच्याच खाली बापांनाही बजावले आहे, की लेकरांना डिवचू नका. त्यावर मी एकदाही वर्ग घेतला नाही.

सन एकवीसच्या रामनवमीला गोमती चौदा वर्षांची होती. ती तांड्यावरच्या लोकांच्या पोहरादेवीच्या यात्रेत दिसली, असे एकाने येऊन सांगितले. मी तिला एवढेच विचारले, "गेल्ती काय?" ती म्हणाली, "गेल्ती." कशासाठी, हे विचारायचे मला सुचले नाही. पुढच्या रविवारी मी तिला मंडळीसमोर उभे केले आणि "मी परक्या देवापुढे गेले, मला क्षमा करा" हे माझे शब्द तिच्याकडून वदवून घेतले. ती अडखळली नाही. माझी बायको रंगूबाई बायकांच्या रांगेत तोंडावर पदर ओढून बसली होती. त्याच दुपारी वर्गात मी या गोष्टीचा दाखला दिला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

जूनमध्ये गोमती बोर्डिंगच्या शाळेत गेली. त्यानंतर या घरात ती लागोपाठ दोन रात्री कधी राहिली नाही. तिच्या आईच्या, रंगूबाईच्या, मातीला आली तीही संध्याकाळी परतली.

सात वर्षांनी माझा चुलतभाऊ मदनसिंग बाजारात भेटला. तो म्हणाला, "काकी त्या यात्रेत तापानं पडली होती. तुह्या पोरीनं तिले पाणी पाजलं, भाकर चारली, दिवसभर उशाशी बसून होती. तुले ठाऊक नाही?" काकी म्हणजे माझी आई. ती यात्रेनंतरच्या पावसाळ्यातच वारली होती.

हे कळल्यावर मी दहा वर्षे गप्प राहिलो. वर्ग चालू होता, लोक मानत होते. पहिली चूक न कळता झाली असे म्हणता येईल. ही दुसरी मी समजून उमजून केली.

कलम ३. गेल्या भाद्रपदात शांतवनची मुलगी रूथ, वय तेरा, तीन दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेला आली नाही. कुठे होती ते सांगेना. शांतवन म्हणाला, रविवारी हिला मंडळीसमोर उभी करतो. मी म्हटले, "असं करू नको." तो म्हणाला, "तुमीच तं गोमतीले उभं केलं होतं. तिचं काही वाईट झालं काय? मास्तरीण झाली."

त्या रविवारी पाळकाने प्रार्थना संपवताच मी उठलो आणि गोमती उभी होती तिथे जाऊन उभा राहिलो. वर लिहिलेले सगळे सांगितले. मंडळीतली म्हातारी सोजरबाई म्हणाली, "बसा आता, लखीरामभाऊ. आमाले कायले सांगून राह्यले? ज्या पोट्टीले सांगाचं, ते तं धनजले हाये." शांतवनने रूथला उभे केले नाही.

मंगळवारी छकडा जुंपून मी धनजला निघालो. शाळा भरलेली होती. सुटेपर्यंत ओट्यावर बसलो. गोमतीने मला जेवू घातले, मग समोर बसून सगळे ऐकून घेतले. मी विचारले, "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

ती म्हणाली, "भाकर आईनं बांधून देल्ली होती, बाबा. तिचं नाव घेतलं असतं तं तुमी तिलेबी उभं केलं असतं."

मी केले असते.

घराचे सांगितले तर म्हणाली, "मले नको." मी म्हटले, माझ्याजवळ दुसरे काही नाही. निघताना तिने छकड्यात घोंगडी अंथरून दिली, कारण रस्ता खराब आहे. याचा अर्थ तिने क्षमा केली असा कोणी काढू नये. मीही काढत नाही.

कलम ४. माझे रंधे, वाकस, पटाश्या आणि कामाचा बाक शांतवनला. मोठी करवत उस्मान लोहाराला. ती चोरली म्हणून मी त्याला चारचौघांत बोललो होतो. ती माझ्याच माळ्यावर निघाली आणि मी तेही कोणाला सांगितले नाही. त्याला काही मिळणार, म्हणून या कागदावर त्याची साक्ष घेतलेली नाही. पोस्टातली शिल्लक रूथच्या शिक्षणाला.

कलम ५. वर्गाची माझी वही शांतवनने वापरू नये. तिच्याऐवजी, शांतवन, एवढे लक्षात ठेव. रूथ आता लहान नाही. तिला बोलायचे ते एकटीला बोल. शिक्षेआधी विचार, आणि विचारलेस तर उत्तर येईपर्यंत थांब, मग दोन दिवस लागोत. देवाचे नाव घेऊन तिला भेवडावू नकोस. तिला उभा जन्म त्याच देवाजवळ जायचे आहे. तुझे चुकले तर तिच्यासमोर कबूल कर, आणि लवकर कर. ती तीन दिवस कुठे होती हे मला अजून माहीत नाही. तुला कळले तर मला सांगायची गरज नाही.

कलम ६. मला रंगूबाईशेजारी पुरावे. वर्गाबद्दल कोणी भाषण करू नये. गोमतीला पत्र एकदाच पाठवावे. दुसऱ्यांदा माणूस धाडू नये, तिच्यासाठी माती थांबवू नये. ती आली नाही तर मंडळीत कोणी तिला नाव ठेवू नये. तिने यावे असे मागण्याचा हक्क मला उरलेला नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत सही केली.

सही: लखीराम वल्द सोमला, दस्तुरखुद्द

साक्ष: बबनराव, शेतकरी, राहणार इंझोरी, सही
साक्ष: मदनसिंग, चुलतभाऊ, राहणार तांडा, निशाणी अंगठा

मुक्काम इंझोरी, तारीख ११ नोव्हेंबर १९३८