तिसऱ्या कडव्याची मालकी

मी, वडिवांबाळ, वय वर्षे सदुसष्ट, धंदा इडली-कॉफीचे दुकान, राहणार स्टेशनामागची गल्ली, अंबासमुद्रम, जिल्हा तिरुनेलवेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्या छातीत पाणी झाले आहे, आणि डॉक्टर माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत, यावरून काय ते मी समजले. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने दुकानात येऊन माझ्याशी हुज्जत घालून पाहावी. हे मी कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून लिहीत नाही. धाक घालायला आणि भरीला पाडायला माणसे येऊन गेली, त्यांची नावे पुढे येतील.

माझ्या यजमानांचे नाव तिल्लैनायगम. त्यांच्या हयातीत आणि मागेही हे नाव मी तोंडाने घेतले नाही, पण कागदावर लिहायला हरकत नसावी. सारा जिल्हा त्यांना कवी म्हणतो. शाळामास्तर होते, तेही थोडी वर्षे. बाकीचा काळ त्यांनी देशासाठी गाणी लिहिली आणि मी इडल्या वाफवल्या. हा हिशोब मी तक्रार म्हणून मांडत नाही. पण घर कोणाच्या कमाईचे, हे पुढच्या कलमासाठी स्पष्ट असलेले बरे.

कलम पहिले. राहते घर माझ्या दुकानाच्या मिळकतीतून बांधलेले असून माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. त्यातला मागचा भाग, विहिरीसह, माझा मुलगा नेल्लैयप्पन याला देते. तो मद्रासला सरकारी नोकरीत आहे. गेल्या वर्षापासून माझ्याशी बोलत नाही, तरी विहिरीचे पाणी गोड आहे आणि तो लहानपणी तिच्यातच पोहायला शिकला. त्याच्यावरचा माझा राग विहिरीला लागू नाही.

कलम दुसरे. पुढचा भाग, म्हणजे ओटा आणि दुकान, त्यातील दोन्ही रगडे, इडलीची मोठी पातेली, पितळी पेले, बाक आणि दुकानाचे नाव, हे सर्व पेच्चियम्माळ हिला देते. पेच्ची ही माडत्तीची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या शेतमजूर बाईची, मुलगी. चौदा वर्षे माझ्या दुकानातले पीठ तीच वाटते आहे. ती आली तेव्हा काही गिऱ्हाइकांनी बाहेरूनच विचारले, "अम्मा, हिच्या हातचं आम्ही कसं खायचं?" मी सांगितले, "उजव्या हातानं." तरीही कुरकुर थांबेना, तेव्हा दारावर पाटी लावली, की ज्याला पेच्चीच्या हातची इडली चालत नाही त्याने स्टेशनवर नळ आहे, तिथे पोटभर पाणी पिऊन गाडी पकडावी. ती पाटी अजून आहे. तीही पेच्चीला देते. काढायची की ठेवायची, हे तिने ठरवावे.

आता कवीच्या वह्या. खरे भांडण त्यांच्यावरून आहे, म्हणून जरा मागे जाऊन लिहावे लागेल.

एकोणीसशे एकतीस साली कवींना अटक झाली ती एका गाण्यावरून. भाताची निंदणी करताना बायका वाकून एका चालीत गातात. ती चाल कवींनी माडत्तीकडून घेतली. माडत्ती ही पण्णैयारांच्या, म्हणजे गावच्या मोठ्या जमीनदारांच्या, शेतावर राबणाऱ्या बायकांची पुढारीण. कवी बांधावर बसत, ती चिखलात उभी राहून गायची, आणि हे मांडीवर ठेका धरायचे. त्या चालीवर त्यांनी दोन कडवी बसवली. पहिले असे:

समुद्रापल्याडून आलं गं बी,
आपल्याच पाण्यावर माजलं गं,
वाक बाई वाक, मुळाशी धर,
तण ते तणच, उपट गं!

महिन्याभरात हे गाणे मिरवणुकांत गेले आणि पोलीस आमच्या दारात आले.

खटल्याच्या दिवशी मी नेल्लैयप्पनला घेऊन गेले होते. गोऱ्या मॅजिस्ट्रेटला तमिळ येत नव्हते. आमच्या वकिलांनी सांगितले, "महाराज, हे निंदणीचं गाणं आहे. शेतातल्या बायका गातात. यात राजद्रोह असेल तर प्रत्येक विळ्यावर खटला भरावा लागेल." मॅजिस्ट्रेट हसला. आता सुटतात, असे मला वाटले. मग त्याने सरकारी दुभाष्याला, ज्ञानमुत्तु यांना, विचारले, की गाण्यातल्या 'तण' या शब्दाचा अर्थ काय. ज्ञानमुत्तु म्हणाले, "अर्थ तण असाच आहे, महाराज. मात्र समुद्रापलीकडून येणारं तण आमच्या भातात उगवत नाही. निदान मी तरी पाहिलेलं नाही."

वकील उठून काही बोलणार, तेवढ्यात कवीच उभे राहिले. म्हणाले, "वकीलसाहेब, बसा. माझ्या कवितेचा अर्थ आजवर इतका चोख कोणी सांगितला नव्हता. दुभाषी बरोबर आहेत. तण म्हणजे तुम्हीच, महाराज."

दोन वर्षे सक्तमजुरी झाली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी ज्ञानमुत्तूंना गाठून त्यांच्या जिभेला किडे पडोत असे म्हटले. तीन महिन्यांनी तेच गृहस्थ माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्या खटल्यानंतर त्यांनी दुभाष्याची नोकरी सोडली होती. म्हणाले, "बाई, मी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का?"

"माझ्यापुरतं फार बरं झालं असतं," मी म्हटले. "किती इडल्या वाढू?"

ते रोज येऊ लागले. तुरुंगातून पत्र आले की मी ते पोस्टमनकडून वाचून घेत असे. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र पोस्टमन खाकरत खाकरत रस्त्यात उभा राहून वाची. एके दिवशी मी ज्ञानमुत्तूंना म्हटले, "माझ्या नवऱ्याला तुम्ही आत घातलंत. आता त्याची पत्रं मला वाचता येतील एवढं तरी करा." त्यांनी तांदळाच्या पिठावर बोटाने मला अक्षरे शिकवली. सदतिसाव्या वर्षी शिकले. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे ते त्यामुळे.

तेहेतीस साली कवी सुटले. दगड फोडून फोडून त्यांच्या छातीत खोकला बसला होता. स्टेशनावर सगळे गाव लोटले. थोरल्या पण्णैयारांनी स्वतःची बैलगाडी सजवून आणली होती, हार घातला, वाजंत्री लावली. कवींना स्वतःच्या शाळेत नोकरी त्यांनीच दिली होती, जागाही राखून ठेवली होती, त्यामुळे मान त्यांचाच होता. गाडी देवळाच्या रस्त्याला लागली, तेव्हा कवींना लांब बांधावर माडत्ती आणि तिच्या बायका उभ्या दिसल्या. त्यांनी हाक मारली, "माडत्ती, तिथं का उभी? इकडे ये!"

ती तिथूनच ओरडली, "सामी, या रस्त्यानं आम्ही चालायचं नसतं. तुम्हाला जेलात विसर पडला काय?"

मी गाडीमागून चालत होते, कवींचा चेहरा मला दिसला. मॅजिस्ट्रेटसमोर तो असा उतरला नव्हता. ते गाडीतून उतरले. पण्णैयार म्हणाले, "मास्तर, मिरवणूक थांबलीय." कवी म्हणाले, "थांबू दे. माझं गाणं ज्या रस्त्यानं येऊ शकत नाही, त्या रस्त्यानं मी कसा जाऊ?" चिखल तुडवत ते बांधावर गेले, गळ्यातला हार माडत्तीच्या हातात दिला आणि म्हणाले, "सामी म्हणू नकोस. अण्णा म्हण." ती म्हणाली, "अण्णा म्हणेन, पण पण्णैयार उद्या मला कामावर घेणार नाहीत. तेव्हा जेवायला तुझ्याकडंच येईन हं."

तसेच झाले. तिचे काम गेले, कवींची शाळा गेली. दोघेही माझ्या दुकानात जेवायला आले. देशभक्तांना भूक फार लागते, हे मी तेव्हा शिकले.

तिसरे कडवे कवींनी त्याच आठवड्यात लिहिले. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच ओट्यावर, माडत्तीला चाल जुळते का विचारत विचारत. पुढे बायकांनी मजुरीच्या भातासाठी काम बंद केले तेव्हा तेच कडवे पण्णैयारांच्या वाड्यासमोर उभ्या राहून गायल्या. माप वाढवून मिळाले.

कवी शेहेचाळीस साली गेले, स्वातंत्र्य दीड वर्षावर असताना. एक फुप्फुस आधीच निकामी झाले होते. माझ्यावर त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. एकदा विचारले तर म्हणाले, "तुझ्यावर लिहायची भीती वाटते. चूक निघाली तर वाढणार नाहीस." मी हसले, पण मला वाईट वाटले होते. ते इथे लिहून ठेवते.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. थोरल्या पण्णैयारांचे चिरंजीव चोक्कलिंगम हे कवींच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले. शाल घेऊन दुकानात आले. म्हणाले, "अम्मा, अण्णांचं गाणं शाळेच्या पुस्तकात घ्यायचं चाललंय. बस स्टँडसमोर पुतळा उभारतोय. तुमची फक्त एक सही हवी."

सही मागणारा माणूस कागद फार लांब धरतो. मी तो हातात घेऊन वाचला. लिहिले होते की तिसरे कडवे कवींचे नसून मागाहून कोणीतरी घुसडलेले आहे, असे त्यांची पत्नी या नात्याने मी जाहीर करते.

"हे खोटं आहे," मी म्हटले.

"अम्मा, इंग्रज गेले. आता आपापसातली जुनी भांडणं पोरांच्या पुस्तकात कशाला?"

"पहिली दोन कडवी गायला इंग्रजांची बंदी होती. तिसरं गायला तुमची. मला यातला फरक समजावून सांगा, मग सही करते."

ते शाल बाकावर ठेवून गेले. पंधरा दिवसांनी नेल्लैयप्पन मद्रासहून आला. त्याच्या थोरल्या मुलाला कॉलेजात जागा मिळवून द्यायचे चोक्कलिंगम यांनी कबूल केले होते. तिसऱ्या दिवशी बिचारा जेवता जेवता म्हणाला, "आई, तीन कडव्यांतलं एक गेलं तर काय बिघडतं?"

"तुझ्या बापाचं फुप्फुस गेलं तेव्हा डॉक्टरही असंच म्हणाला होता. दोनातलं एकच गेलंय."

तो ताटावरून उठला. नातवाला जागा मिळाली नाही. याचे मला दुःख आहे, आणि मी ते लपवत नाही. पण त्या बदल्यात मी जे विकायचे ते माझे नव्हते.

म्हणून कलम तिसरे. कवींच्या तिन्ही वह्या माडत्तीच्या वस्तीतल्या वाचनालयाला देते. त्या काचेच्या कपाटात ठेवू नयेत. ज्याला उतरवून घ्यायचे त्याने हात धुऊन उतरवावे.

कलम चौथे. गाण्यावर माझा, माझ्या मुलाचा किंवा कोणत्याही समितीचा हक्क नाही. गाणाऱ्याने कोणाला विचारू नये. छापणाऱ्याने तिन्ही कडवी छापावीत, नाहीतर एकही छापू नये.

कलम पाचवे. पुतळा झालाच तर त्याच्या अंगात कोट घालू नये. कवींकडे दोन धोतरे आणि एक पंचा होता. माझ्या प्रेतावर चोक्कलिंगम यांनी हार घालू नये. त्यांची शाल पेच्ची गरम पातेली उतरवताना चटके टाळायला वापरते, तीच तिने पुढेही वापरावी.

कलम सहावे. ज्ञानमुत्तु यांना मी काहीही देत नाही. ते वाचून त्यांना वाईट वाटेल, म्हणून कारण लिहिते. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि मला तर साक्षीला तेच हवेत. कवींखेरीज या गाण्याबद्दल स्वतःचे नुकसान करून खरे बोललेला तेवढा एकच माणूस मला ठाऊक आहे.

हा मसुदा काल नोंदणी कचेरीत दाखवला. नोंदणी अधिकारी तरुण आहेत. शेवटचे पान पाहून म्हणाले, "अम्मा, इथं मालमत्ता लिहायची असते. हे गाणं कशाला? कविता ही काय मालमत्ता आहे?"

मी म्हटले, "नसेल, तर तिच्यापायी सरकारनं माझ्या नवऱ्याला दोन वर्षं दगड का फोडायला लावले?"

त्यांनी ते पान पुन्हा वाचले. मग विचारले, "नोंद झाल्यावर हे कायमचं सरकारी दप्तरात राहील, ठाऊक आहे ना? तुमच्या माघारी कोणीही अर्ज करून नक्कल मागू शकेल."

"ते ठाऊक आहे म्हणूनच आले."

"ओळी किती?"

"चार."

"मग अशा कोपऱ्यात दाटीवाटीनं नका लिहू," ते म्हणाले. "पानाच्या मध्यावर मोठ्या अक्षरात लिहा. नक्कल करणाऱ्याला नीट लागल्या पाहिजेत."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिते. कवी तिल्लैनायगम यांच्या गाण्याचे तिसरे कडवे, जे माझ्यासमोर रचले गेले:

बांधावरचं तण म्हणतं, मी तर इथलंच गं,
बापजाद्यांच्या मातीत माझंच मूळ गं,
घरचं असो, दूरचं असो, भात खातं ते,
वाक बाई वाक, मुळाशी धर, उपट गं!

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करते. अंगठा उठवत नाही.

सही: वडिवांबाळ

ठिकाण: अंबासमुद्रम
दिनांक: २२ मार्च १९६१, तमिळ पंगुनी महिन्याचा नववा दिवस, बुधवार

साक्षीदार:

१. एस. ज्ञानमुत्तु, निवृत्त शिक्षक, पूर्वीचे कोर्टाचे दुभाषी. अम्मांनी माझ्यासमोर सही केली. गाण्याचा अर्थ मला विचारल्यास तो मी पूर्वीप्रमाणेच सांगेन.

२. अरुणाचलम, स्टेशनमास्तर, अंबासमुद्रम. अम्मांनी माझ्यासमोर सही केली. मी या दुकानात रोज पेच्चीच्या हातची इडली खातो.