अण्णांची टेनिसची वही

सुधींद्र,

कारखान्यातून आल्या आल्या हे वाच. मी हॉस्पिटलात अण्णांपाशी आहे. हुळी-भात झाकून ठेवलाय, स्वल्प गरम करून घे.

आजचा पेपर मी तांदळाच्या डब्यात दडवलाय. विंबल्डनला आपला मद्रासचा गडी सेमीफायनल हरला, सरळ तीन सेटमध्ये. अण्णांना अजून कळलेलं नाही. सकाळपासून त्यांचा एकच धोशा, "अनुसूया, माझी टेनिसची वही आण." आणि मी मूर्खासारखी पेपर वाचून तो निकाल वहीत लिहून बसले, तोही शाईने! जानेवारीपासून त्या गड्याचा प्रत्येक सामना त्यांनी पेन्सिलीने उतरवलाय. खोडायला गेले तर कागद फाटतोय.

तू तेवढं पान नव्याने लिही. तुझं अक्षर हुबेहूब त्यांच्यासारखं आहे. सेमीफायनलचा रकाना कोरा ठेव आणि वही घेऊन तूच ये. तीन आठवडे तुमचं बोलणं नाही, ठाऊक आहे मला. पण माझं खोटं अण्णा लगेच पकडतात. तुझं त्यांना आजवर कधी पकडता आलं नाही.

परसूमामा येलहंक्याहून यायचेत. त्यांना हॉस्पिटलच्या दारातच अडव, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

अण्णांनी विचारलं तर सांग, लंडनला पाऊस लागलाय, सामना पुढे गेलाय. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. तेवढा पाऊस लागू दे रे.

अक्का